निलम आडे ड्युटीवर नव्हती

निलम आडे आणि मी हिंगोलीच्या मुलींच्या वसतिगृहात तीन वर्षं एका खोलीत राहिलो. मी कुरुंद्याची, नामाजीची पोरगी. आमच्या घरी शेळ्या-मेंढ्या आणि दोन एकर हळद. ती कळमनुरीकडच्या तांड्यावरची. तिचे वडील वसराम हंगामात आमच्याच गावात हळद शिजवायच्या कामाला यायचे, आणि परत जाताना दोघींच्या भाकरीचं गाठोडं वसतिगृहात टाकून जायचे. त्यांची नखं उन्हाळाभर पिवळी असायची. गाठोडं देताना ते आत कधी आले नाहीत, फाटकाबाहेर उभं राहून हाक मारायचे.

निलम घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलायची, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी. इंग्रजी तिनं स्वतःच्या जिवावर उचललं. संध्याकाळी खोलीच्या पायरीवर बसून जुना पेपर मोठ्यानं वाचायची आणि मला अर्थ विचारायची. मला यायचे नाहीत, तर रागवायची. २०१३ साली एका विमान कंपनीची भरती औरंगाबादला निघाली. वसराम तिला घेऊन गेले. तिथं मुलींना चपला काढून भिंतीशी उभं करत आणि वर केलेल्या खुणेला हात टेकवायला सांगत, कारण विमानात डोक्यावरच्या कप्प्यांपर्यंत हात पोचावा लागतो. निलमचा हात खुणेच्या चार बोटं वर गेला. वसरामनी ही गोष्ट तांड्यावर किती जणांना सांगितली याला गणती नाही. "माझ्या पोरीचा हात पुरला," एवढंच सांगायचे. पुढची मुलाखत, कोर्स, परीक्षा यातलं काही नाही.

ती आधी देशातल्या विमानांवर होती, २०१६ पासून परदेशी जायला लागली. दुसऱ्याच वर्षी वसराम छातीत कळ येऊन गेले. घरात राहिली याडी म्हणजे तिची आई मिराबाई, आणि धाकटा भाऊ दिपक.

आता पासाची गोष्ट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या पासापासून सुरू झालं.

विमान कंपन्या आपल्या नोकरदारांना आणि त्यांच्या घरच्यांना जवळपास फुकटात प्रवास करू देतात. निलम दरवर्षी घरच्या किंवा ओळखीच्या चार माणसांची नावं देऊ शकत होती. पण त्यात एक मेख असते. तिकीट पक्कं नसतं. सगळे पैसे भरणारे प्रवासी बसले आणि जागा उरली, तरच पासवाल्याला बसायला मिळतं. दोघं गेले आणि खुर्ची एकच उरली, तर एकानं मागं राहायचं. फक्त निलमसारखी विमानात काम करणारी माणसं मागं राहत नाहीत. त्यांना कॅप्टनच्या परवानगीनं जम्पसीटवर बसता येतं.

जम्पसीट मी स्वतः पाहिली आहे. विमानाच्या दाराजवळ भिंतीला लावलेली घडीची खुर्ची. हवाई सुंदऱ्या विमान उडताना आणि उतरताना तिच्यावर बसतात, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. उठलं की ती आपोआप मिटते. पाठ सरळ, मागं रेलता येत नाही, हात टेकायला काही नाही, छातीवरून दोन पट्टे. समोर संडासाचं दार, बाजूला चहा-जेवणाच्या ट्रॉल्या. वीस मिनिटांसाठी केलेली जागा ती. तिच्यावर माणसानं पंधरा-सोळा तास बसावं असं ती बनवणाऱ्याच्या मनात आलं नसेल.

मी पाहिली ती अशी. खोटं कशाला बोलू, पास मागणाऱ्यांत मीही होते. लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा मला आणि माझ्या नवऱ्याला दुबई बघायची होती. निलमनं आमची नावं घातली, स्वतः सुटी काढून सोबत आली. विमानतळावर कळलं की जागा दोनच आहेत. ती म्हणाली, तुम्ही बसा, मी मागं बसते, मला सवय आहे. मधे मी तिला बघायला मागं गेले तर ती पट्टे बांधून सरळ बसली होती, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी, आणि लोक संडासाच्या रांगेत तिच्या गुडघ्यांना घासत उभे होते. मी म्हटलं, थोडा वेळ माझ्या जागी बस. ती म्हणाली, चालत नाही, पासावर नाव तुझं आहे. मी जरा वेळ उभी राहिले आणि खिडकीशी जाऊन बसले. समुद्र फार सुंदर दिसत होता.

दिपक २०१८ मध्ये शिकायला टोरांटोला गेला, तो याच पासावर. जागा एक होती, ती त्याला मिळाली. निलम त्याला सोडायला म्हणून पंधरा तास जम्पसीटवर बसून गेली, एक दिवस थांबली आणि तशीच परत आली. पुढं दिपकला नोकरी लागली, पुसदकडच्या उत्तमसिंगांची मुलगी त्यानं केली, लग्नानंतर नवी नवरी टोरांटोला गेली तीही निलमच्या पासावर आणि निलमच्या सोबतीनं. पुन्हा जागा एकच. तांड्यावरची माणसं म्हणायची, वसरामच्या पोरीनं घर विमानात नेऊन बसवलं. ती स्वतः कुठं बसते ते कोणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

तिला स्थळंही यायची. बघायला आलेल्यांचा तिसरा-चौथा प्रश्न पासाचा असायचा. लग्नानंतर सासू-सासऱ्यांनाही चालतो का? ती हो म्हणायची, आणि नंतर मला फोन करून सांगायची की हे स्थळ मोडलं. कोणी मोडलं, असं मी विचारलं तर म्हणायची, मीच. हळूहळू स्थळं यायची थांबली. तिनं तिशी ओलांडली.

२०२३ च्या मार्चमध्ये दिपकच्या बायकोचे दिवस भरत आले. तिची आई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे लगेच जाऊ शकत नव्हती, तेव्हा मिराबाईंनी जायचं ठरलं. मिराबाई नांदेडच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. निलमनं त्यांचा पासपोर्ट काढला, व्हिसा काढला, सोबत जायला सुटी घेतली. मुंबईहून विमान सकाळी निघणार होतं. जागा उरली एक. ती शेवटून तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला. मिराबाई तिथं बसल्या. निलम त्यांच्यापासून पाच-सहा पावलांवर, मागच्या दाराच्या जम्पसीटवर. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, कारण ती सुटीवर होती.

पुढं काय झालं ते मला आधी निलमनं सांगितलं आणि पुष्कळ दिवसांनी मिराबाईंनी. दोघींच्या सांगण्यात फरक नाही.

त्या विमानावर प्रमुख होती अंजली नावाची बाई. पुण्याची, निलमला सात-आठ वर्षं सीनियर. दोघी मराठी म्हणून आपसांत मराठीतच बोलायच्या. विमान उडून तीन तास झाले आणि काम करणाऱ्या मुलींपैकी एक उलट्या करायला लागली. एक माणूस कमी झालं. अंजली निलमकडे आली आणि म्हणाली की जरा हात लाव. निलमनं लावला. साध्या कपड्यांत ती जेवणं वाटायला गेली, रिकामे ट्रे गोळा केले, लहान लेकरांच्या बाटल्या गरम पाण्यानं भरल्या. मिराबाईंना त्याचं कौतुक वाटलं. शेजारच्या बाईला त्यांनी खुणेनं सांगितलं की ही माझी पोरगी.

पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानात दिवस संपत नाही. खिडक्यांच्या झडपा खाली ओढून आत अंधार केला होता, बाहेर लख्ख ऊन होतं. दहा तास झाल्यावर विमान हलायला लागलं. पट्टे बांधायची खूण लागली. सगळ्या आपापल्या जागी बसल्या; अंजली पलीकडच्या जम्पसीटवर, निलम इकडच्या. तेवढ्यात एका भरलेल्या ट्रॉलीची कडी सुटली. एक माणूस कमी, त्या घाईत ती कोणी नीट लावली नसावी. ट्रॉली एकदा पुढं सरकली, एकदा मागं. ती वाटेला लागली असती तर उतारानं सरळ प्रवाशांत गेली असती.

अंजली म्हणाली, "निलम, उठ. ती ट्रॉली बांध आधी."

निलम उठली. तिनं पट्टे सोडले, ट्रॉली कप्प्यात ढकलली आणि कडी लावली. वळून बसणार तोच विमान खाली गेलं. ती छताला लागली आणि तिथून खाली आपटली. जम्पसीटवर पडली, पण ती उठल्याबरोबर मिटलेली होती. तिच्या लोखंडी कडेवर कमरेचा खालचा भाग आदळला. निलम सांगायची की आवाज तिला स्वतःला ऐकू आला. दुखणं मागून आलं.

उरलेले पाच तास ती ट्रॉल्यांच्या मधल्या जागेत जमिनीवर, अंगावर चार ब्लँकेटं घेऊन पडून होती. मिराबाई तिच्या डोक्याशी बसल्या. अंजली दोनदा आली, तिनं हात धरला, म्हणाली की काळजी करू नकोस, मी सगळं नीट लिहिते. टोरांटोला तिला स्ट्रेचरवरून उतरवलं. कमरेचा एक मणका दबून फुटला होता.

दवाखान्यातून तिला दिपकच्या घरी आणलं. लहान घर, एक झोपायची खोली, ती बाळंतिणीची. निलम बैठकीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून तीन आठवडे पडून राहिली. दिपकनं केलं नाही असं नाही. तो तिला दवाखान्यात न्यायचा, औषधं आणायचा. मिराबाई तिला न्हाणीत धरून न्यायच्या. पोरगी झाली तेव्हा निलमनं पडल्या पडल्या तिला छातीवर घेतलं. तेव्हाचा फोटो तिनं मला पाठवला होता. तिच्या चेहऱ्यावरून कोणाला वाटलं नसतं की ही उठू शकत नाही.

दिपकचे सासरे उत्तमसिंग आणि त्यांची बायको मे महिन्यात नात बघायला यायचे होते, त्यांची नावं निलमच्या पासावर होती. अर्जावर तिची सही लागत होती. तिनं गादीवर उताणी पडून फोनवर बोटानं सही केली.

मेच्या आरंभी निलम मुंबईला परत आली, कंपनीच्याच विमानात, या वेळी आडवी. जूनमध्ये चौकशीचा कागद आला. तेव्हा ती भाड्याच्या खोलीत एकटी होती. तिनं तो वाचला आणि मला फोन करून एवढंच सांगितलं की वाच. कागदाचे फोटो पाठवले.

त्यात लिहिलं होतं की सदर कर्मचारी घटनेच्या वेळी ड्युटीवर नव्हती. ती सवलतीच्या तिकिटावर, स्वतःच्या जबाबदारीवर प्रवास करीत होती. प्रमुख कर्मचारी अंजली यांच्या जबाबानुसार पट्टे बांधण्याची खूण लागलेली असताना ती कोणाच्याही सूचनेविना, स्वतःहून जागेवरून उठली. जेवणं वाटल्याचा, ट्रे उचलल्याचा उल्लेख नव्हता. उलट्या करणारी मुलगी कागदात कुठंच नव्हती. ट्रॉली नव्हती.

आणि चौथ्या पानावर दोन ओळी. कर्मचाऱ्याच्या आई श्रीमती मिराबाई वसराम आडे याच विमानात होत्या. त्यांनी मुलगा दिपक याच्या मार्फत फोनवर जबाब दिला की घटनेच्या वेळी त्या झोपेत होत्या आणि त्यांनी काही पाहिले अथवा ऐकले नाही.

तो फोन कधी झाला ते निलमनं आठवून आठवून शोधलं. ती मणक्याच्या तपासणीसाठी अर्धा दिवस दवाखान्यात होती, त्या दिवशीचा. दिपकला तिनं फोन लावला. तो म्हणाला की कंपनीची चिठ्ठी आली होती, चौकशीत वाद झाला तर घरच्यांचे पास तेवढ्यापुरते बंद होतील. सासू-सासरे तिकिटं धरून बसले होते. आईलाही परत जायचं होतं. आणि तो म्हणाला, तुझी नोकरी पक्की आहे, ते तुला ऑफिसात घेतीलच, मग कंपनीशी भांडून काय मिळणार होतं? निलमनं मला हे सांगितलं तेव्हा शेवटी एवढंच म्हणाली, "शीले, त्यानं हिशोब बराबर केला. फक्त मला त्यात धरलं न्हाई."

कंपनीच्या डॉक्टरनं तिला उड्डाणासाठी अपात्र ठरवलं. तीन महिने विमानतळावर एका खोलीत कागद लावायला बसवलं. बसणं हेच तिला जमत नव्हतं. सप्टेंबरमध्ये करार संपला, तो पुढं वाढवला नाही. करार संपला तसा पासही संपला, आणि ऑक्टोबरमध्ये मिराबाईंना परत पाठवायला दिपकला पूर्ण किमतीचं तिकीट काढावं लागलं.

मिराबाई रेल्वेनं नांदेडला उतरल्या. आणायला मुंबईची खोली सोडून गावी आलेली निलम आणि मी आमच्या गाडीतून गेलो. मी चालवत होते, निलम माझ्या शेजारी सीट पूर्ण मागं पाडून, मिराबाई मागं. बाळाचं बोलणं झालं, थंडीचं झालं, तिकडच्या पिठाची भाकरी थापता येत नाही हे झालं. अर्धापूर गेल्यावर निलमनं मान न वळवता विचारलं.

"याडी, मी पडले तवा तू झोपली होतीस?"

मिराबाईंनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "जागीच होते."

"अंजली काय म्हणली ते ऐकलं होतंस?"

"व्हय. उठ म्हणली. ट्रॉली बांध म्हणली."

"मंग?"

"दिपक म्हणला, असं सांग. त्याची बायको बाळंतीण, घर नवं, त्याला कागदपत्राचं भेव. मी परक्या मुलखात. मी काय करू?"

"मला इचारायचं होतं."

"तू पडलेली होतीस," मिराबाई म्हणाल्या. "तो उभा होता."

वारंगा फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा मिराबाईंनी पिशवीतून विजेवर गरम होणारी एक गादी काढली, कंबर शेकायची. दिपकनं दिली होती. तिची पिन आपल्याकडच्या खाचेत बसत नाही. ती गादी अजून त्यांच्या घरात, कोनाड्यात, पिशवीसकट आहे.

मायलेकी तांड्यावरच्या घरात एकत्र राहायला लागल्या. भांडण नाही. मिराबाई सकाळी तिच्या कमरेला तेल चोळतात, निलम त्यांच्या साखरेच्या गोळ्या वेळेवर काढून ठेवते. बोलणं कामापुरतं. तांड्यावर लोक म्हणायचे की विमानातून काढून टाकली, काहीतरी केलं असंल. ज्यांना तिनं मुंबईला उतरवून घेतलं होतं, विमानतळ दाखवला होता, तेही त्यात होते. निलमनं कोणाला समजावलं नाही. २०२४ मध्ये तिनं वारंगा फाट्यावर ऑनलाइन सेंटर काढलं. पीकविमा, आधार, पासपोर्टचे फॉर्म. कमरेला पट्टा बांधून बसते, दर थोड्या वेळानं उठून उभी राहते. पासपोर्ट काढायला येणाऱ्या पोरी तिला विमानातल्या नोकरीचं विचारतात. ती माहिती सगळी देते, वय किती, उंची किती, परीक्षा कुठली. करावं की करू नये, हे सांगत नाही.

मला मात्र तो कागद सोडवत नव्हता. मी हिंगोलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिथं शंकरसिंग नावाचे वकील साखर तपासायला येत. त्यांना मी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, बाईला उठायला सांगितलं याला साक्षीदार असला तर पुष्कळ होईल. सुटीवरच्या माणसाला काम लावलं, म्हणजे ती कामावर आली. साक्षीदार आहे, मी म्हटलं. मिराबाई पुढच्या महिन्यात लॅबमध्ये आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं. त्यांनी दंडावरचा कापूस धरून ठेवला आणि म्हणाल्या, येते. निलमला सांगू नका.

यंदाच्या जानेवारीत एका मंगळवारी त्या एकट्या एसटीनं हिंगोलीला आल्या. ठेवणीतली साडी, हातात वसरामचा फोटो असलेली पिशवी. फोटो कशाला, असं मी विचारलं नाही. वकिलांच्या टेबलासमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं, जेवणं कुणी वाटली, कडी कशी सुटली, अंजलीचे शब्द जसेच्या तसे. टायपिस्टनं लिहिलं. वाचून दाखवलं. मिराबाईंनी एका ठिकाणी थांबवलं आणि म्हणाल्या की ती "उठ" म्हणाली होती, "उठशील का" नाही. ते बदललं. मग त्यांनी साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही केली, एकेक अक्षर जोडून.

सही झाल्यावर वकिलांनी जुना कागद चाळला. चौथं पान त्यांनी आधी वाचलेलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, मला वाटलं होतं की नव्या जबाबानं जुना पुसला जातो. त्यांनी चष्मा काढला.

त्यांनी समजावलं ते असं की पहिला जबाब रेकॉर्डवर आहे. आता हा दुसरा, मुलीबरोबर एका घरात राहून, पावणेदोन वर्षांनी दिलेला. समोरची बाजू विचारेल, तेव्हा खोटं बोललात की आता? शिवाय दाद मागायची मुदतही गेली. प्रयत्न करता येईल, पण तो बाईंना कोर्टात उभं करून खोटारडी ठरवण्यापुरता.

"म्हंजे आता खरं सांगून चालत न्हाई?" मिराबाईंनी विचारलं.

"उशीर झाला, काकू," वकील म्हणाले. त्यांनी आमच्याकडून काही घेतलं नाही. कागद परत दिला.

मिराबाईंनी तो घडी करून पिशवीत ठेवला. बसस्टँडपर्यंत आम्ही चालत आलो. मी त्यांना कळमनुरीच्या गाडीत बसवलं. गाडी निघता निघता त्यांनी खिडकीतून माझा हात धरला.

"दिपकला कळू देऊ नका, बाई. उन्हाळ्यात येणार हाय तो, पोरीचं जावळ काढायला. त्याला तकलीफ होईल."

गाडी गेली.

मला निलमपासून लपवणं जमणार नव्हतं. रविवारी मी फाट्यावर गेले आणि गर्दी कमी झाल्यावर तिला सांगितलं. याडी आली होती, सगळं खरं सांगितलं, सही केली, आणि त्याचा उपयोग नाही. ती उभी होती, टेबलाला हात टेकून. तिनं ऐकून घेतलं. उपयोग नाही हे ऐकून तिचा चेहरा बदलला नाही. "उठशील का" बदलून "उठ" करायला लावलं, ते सांगितलं तेव्हा मात्र तिनं मान खाली घातली.

मग म्हणाली, "आणि दिपकला सांगू नका म्हणली असंल."

ते मी तिला अजून सांगितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

"म्हणणारच," ती म्हणाली.

दारात एक म्हातारा पीकविम्याची पावती घेऊन उभा होता. निलमनं त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि आधार कार्ड आणलंय का ते विचारलं.